पित्तच असेल!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उत्तर अगदी खरं द्यायचं हं! तुमच्या घरात पुरुषमाणसाच्या छातीत दुखलं, तर काय होतं? आणि तुमच्या छातीत दुखलं, तर काय होतं?

आमच्याकडे काय झालं ते सांगते. पाच वर्षांत आमच्या घरातल्या तीन माणसांच्या छातीत दुखलं. आधी अण्णांच्या, मग आईच्या, मग माझ्या. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, तिन्ही वेळा आमचा अंदाज चुकला.

माझं माहेर धुळ्याचं आणि सासर जळगावचं. मध्ये एरंडोल, पारोळा. एस.टी.नं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरचा रस्ता. मी बी.ए. झालेली, घर सांभाळून एका शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. वैद्यकशास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण आमच्या घरावर जे आलं, त्यानंतर माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला (त्या डॉक्टर आहेत) विचारून विचारून मी बरंच समजून घेतलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिली पाळी अण्णांची. डिसेंबर २०१८. आमच्या खान्देशात थंडी पडली की भरीताचे दिवस. मळ्यात पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा झणका, वर कांद्याची पात आणि कळण्याच्या पुऱ्या. अण्णांनी हात राखला नाही. रात्री घरी आले आणि लगेच आडवे झाले. अकराच्या सुमारास उठून बसले. म्हणाले, "छातीत आग पडलीय. घशाशी येतंय काहीतरी."

झालं! सगळं घर जागं. दादानं गाडी काढली, वहिनीनं शेजारच्यांना हाका मारल्या, आई अनवाणीच गाडीत बसली. पंधरा मिनिटांत अण्णा दवाखान्यात. कार्डिओग्राम निघाला, काही तासांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. मीही पहाटेची पहिली एस.टी. पकडून धुळ्याला पोहोचले. सकाळी डॉक्टर हसत आले. "हृदय उत्तम आहे. भरीत कमी खा आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका." आईनं देवापुढे नारळ फोडला. उगीच धावपळ झाली, असं कुणी चुकूनही म्हणालं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं.

दुसरी पाळी आईची.

७ मे २०१९. आखाजीचा दिवस. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. गौराई, झोके, गाणी. त्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला जाता आलं नाही. सकाळी आठला फोन केला. आई चुलीपुढे बसून खापरावरच्या पुरणपोळ्या करत होती. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"आई, काय गं? बरं नाही का?"

"काही नही वं माय, पित्त शे," आई म्हणाली. आमची आई मायेनं बोलताना अहिराणीवर येते. मग म्हणाली, पोटाच्या वरच्या बाजूला कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतंय, दोन्ही हात जड झालेत, घाम तर थांबतच नाही.

आणि मी, शिकलेली मुलगी, काय म्हणाले असेन? "अगं, मे महिन्यात चुलीपुढे बसल्यावर घाम येणारच. लिंबू-सोडा घे. ओवा चाव. पड जरा घटकाभर."

हे माझे शब्द आहेत. ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

आईनं लिंबू-सोडा घेतला. एक ढेकर आली. "आता बरं वाटतंय," म्हणाली आणि उरलेल्या पोळ्या करायला बसली. सगळ्यांना वाढलं. दुपारी तिला उलटी झाली, तेव्हा घरातले म्हणाले, ऊन बाधलं. कैरीचं पन्हं दिलं. रात्री तिला आडवं पडवेना. आडवी झाली की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून राहिली, आणि कुणाची झोप मोडायला नको म्हणून कुणाला उठवलंही नाही! पहाटे पाचला दादा पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याला आई दिसली. ओठ पांढरे पडलेले.

कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी विचारलं, "केव्हापासून त्रास होतोय?" दादा म्हणाला, "काल सकाळपासून." डॉक्टर म्हणाले, "मग काल सकाळीच का नाही आणलंत?" दादा खाली बघत राहिला.

अण्णांना पंधरा मिनिटं लागली होती. आईला एकवीस तास.

आई वाचली. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसवला. पण तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूचा एक भाग गेला तो गेलाच. निरोगी माणसाच्या हृदयाचं पंपिंग साधारण ५५ ते ७० टक्के असतं. आईचं ४० वर आलं. ती आता दोन जिने सलग चढू शकत नाही. खापरावरची पुरणपोळी तर तेव्हापासून घरात झालेली नाही.

नंतर एकेक गोष्ट आठवायला लागली. आखाजीच्या आधी दोन-तीन आठवडे आई कुरडया-पापडांची परात घेऊन गच्चीवर जायची आणि अर्ध्या जिन्यात बसायची. म्हणायची, "दाढ ठणकतेय गं." पाच मिनिटं बसली की ठणका थांबायचा. दातांच्या डॉक्टरांना दाखवून झालं. दाढ चांगली होती. दाढ दुखायला जिना कशाला चढावा लागतो, हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही!

आता डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते सांगते.

हृदय हा स्नायू आहे. सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते आणतात त्याच्याच अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. त्या आतून चरबीच्या थरानं अरुंद झाल्या की बसल्या जागी काही वाटत नाही. पण जिना चढला, पाण्याची बादली उचलली, तावातावानं भांडलं, की स्नायूला जास्त रक्त हवं असतं आणि ते मिळत नाही. मग तो कुरकुरतो. थांबलं की कुरकूर थांबते. याला म्हणतात अंजायना. लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ सालीच हे दुखणं वर्णन करून ठेवलं आहे. चालताना येतं, उभं राहिलं की जातं, असं. आणि एखाद्या दिवशी तो चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते. मग विश्रांती घेऊनही दुखणं जात नाही. हाच हार्ट अटॅक. त्या क्षणापासून स्नायू मरायला सुरुवात होते.

"पण बाई, दुखणं हृदयाचं, मग दाढ का ठणकते?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडांना मिळून दारावर एकच घंटा असते ना, तसं समजा. हृदय, हात, मान, जबडा, पोटाचा वरचा भाग या सगळ्यांकडून येणारे मज्जातंतू जवळजवळ एकाच वाटेनं मेंदूकडे जातात. घंटा वाजते, पण कुणाच्या बिऱ्हाडाची ते मेंदूला नीट कळत नाही."

मग खूण कशी ओळखायची? त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत देते.

हृदयाचं दुखणं बहुधा टोचत नाही. दाबतं, आवळतं, भरून आल्यासारखं वाटतं. पुष्कळजण "दुखतं" असं म्हणतच नाहीत. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, म्हणतात. एका बोटानं जागा दाखवता येत नाही, सगळा पंजा छातीवर ठेवून दाखवतात. ते डाव्या हातात जातं, कधी दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, बेंबीच्या वर. सोबत गार घाम, दम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी. श्रमानं वाढतं.

पित्ताचं दुखणं जळजळतं. जेवल्यावर, वाकल्यावर, आडवं पडल्यावर वाढतं. तोंडात आंबट पाणी येतं. बरगडीचं किंवा स्नायूचं दुखणं एका जागी असतं. तिथे बोटानं दाबलं, हात वर केला, कूस बदलली की कळ येते. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तर खोल श्वास घेताना, खोकताना सुरीसारखं टोचतं, ताप-खोकला सोबत असतो. नागीण उठायच्या आधी छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि काही दिवसांनी पुरळ दिसतं. जीव घाबरून छातीत धडधड होते, हातापायांना मुंग्या येतात, तेही दुखणं खरंच असतं. पण ते घाबरण्याचंच आहे हे आधी तपासून मग ठरवायचं, आधी ठरवून तपासणी टाळायची नाही.

आणखी दोन दुखणी हृदयाच्या झटक्याची नाहीत, पण तितकीच घाईची आहेत. बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर किंवा खूप दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर एकाएकी दम लागून छातीत दुखलं, एक पाय सुजला असला, तर पायातली गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. आणि छातीतून पाठीत काहीतरी फाटत गेल्यासारखी एकदम भयंकर कळ आली, तर मोठी रक्तवाहिनी चिरलेली असू शकते.

हे सगळं मी वहीत टिपून घेतलं आणि खूश झाले. वाटलं, आता आपल्याला ओळखता येईल! डॉक्टरीणबाईंनी वही मिटवली. म्हणाल्या, "या खुणांचा उपयोग दवाखान्यात जायचं हे ठरवण्यासाठी करा. जायचं नाही, हे ठरवण्यासाठी करू नका."

कारण प्रत्येक खुणेला फसवणूक आहे. सोडा घेऊन बरं वाटलं, म्हणजे पित्तच, असं नाही. आमच्या आईला ढेकर आलीच होती की! हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्याला टेकलेला असतो, त्यामुळे तिथला झटका पोटाचा विकार वाटतो, उलटीही होते. मधुमेह जुना असेल तर मज्जातंतू बोथट होतात आणि दुखण्याची सूचनाच मिळत नाही. आईला आठ वर्षांपासून साखर आहे.

आणि आता आपल्या बायकांची गोष्ट. बायकांनाही झटक्यात छातीचंच दुखणं सगळ्यांत जास्त वेळा होतं, हे आधी लक्षात ठेवा. पण त्याच्या जोडीला, किंवा कधी कधी त्याच्याशिवाय, नुसता दम, विलक्षण थकवा, मळमळ, जबडा किंवा दोन खांद्यांमधली पाठ दुखणं, असं बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. आता सांगा, थकवा आणि पाठदुखी नसलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे? म्हणून विचारायचं ते असं: हे माझं रोजचं आहे की नवीन? काल जे काम सहज होत होतं, त्यानं आज धाप का लागते?

फसगत फक्त आपल्याच घरी होते असं समजू नका. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ साली तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, बाईला पुरुषासारखाच हृदयविकार आहे हे सिद्ध झालं तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्याला त्यांनी 'येंटल' या कथेतल्या नायिकेचं नाव दिलं. शिकता यावं म्हणून मुलाचा वेष घेणारी ती मुलगी! अमेरिकेत ही तऱ्हा, तर आपल्या चुलीपुढे काय असणार?

शिवाय आपल्याकडे हा रोग लवकर येतो. ५२ देशांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या रीमा लागू आठवतात ना? १७ मे २०१७ ला दिवसा त्यांनी चित्रीकरण केलं. रात्री छातीत दुखू लागलं, दवाखान्यात नेलं, आणि १८ च्या पहाटे त्या गेल्या. साठीही गाठली नव्हती. ती बातमी मी वाचली होती, हळहळले होते. तरी दोनच वर्षांनी स्वतःच्या आईला मी ओवा चावायला सांगितला! वाचलेलं आणि कळलेलं यांत एवढं अंतर असतं.

पाळी गेल्यानंतर बायकांना असलेलं नैसर्गिक संरक्षण कमी होतं. मधुमेह, रक्तदाब, घरात कुणाला लवकर झालेला हृदयविकार, तंबाखू यांनी धोका वाढतो. आणि तंबाखू म्हटलं की आपण पुरुषांकडे बघतो. पण मिसरी हीही तंबाखूच आहे, बरं का!

तिसरी पाळी माझी. २०२३ चा उन्हाळा. वर्षाचे गहू भरून झाले आणि दुसऱ्या दिवशी डाव्या छातीत कळ. आईची आठवण येऊन पाय लटपटले. हात वर केला की कळ, बरगडीवर दाबलं की कळ. वहीप्रमाणे हे स्नायूचं. तरी मनात तेच जुनं सुरू झालं: सकाळी बघू, ह्यांची झोप कशाला मोडा, दवाखान्यात हसतील. आणि मग त्या भिंतीला टेकून बसलेल्या आईचं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी ह्यांना हलवून उठवलं. "छातीत दुखतंय. आत्ता जायचं." हे एक शब्द न बोलता शर्ट घालायला लागले. कार्डिओग्राम स्वच्छ, काही तासांनी केलेली रक्ताची ट्रोपोनिन तपासणीही स्वच्छ. गव्हाचं पोतं ओढताना बरगडीजवळचा स्नायू दुखावला होता. मी ओशाळून म्हणाले, "उगीच त्रास दिला." तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं मान हलवली. "उगीच आलेली बाई घरी परत जाते हो. उशिरा आलेलीचं सांगता येत नाही."

आमचे तीन अंदाज चुकले म्हणाले ना, त्यांतले दोन चुकले ते एका रात्रीच्या खर्चावर भागले. तिसरा अजून आई फेडते आहे.

आमच्या फडताळाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आहे. तुम्हीही चिकटवा. त्यावर लिहिलं आहे ते असं:

छातीत, जबड्यात, हातात किंवा पोटाच्या वर दाबल्यासारखं होऊन थांबलं नाही, किंवा सोबत घाम, दम, मळमळ असली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. दुखणाऱ्या माणसानं स्वतः गाडी चालवायची नाही, जिना चढायचा नाही, पाठीला उशी देऊन बसायचं. ॲस्पिरिनची गोळी चावून घ्यायची का, हे फोनवर विचारायचं. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर ती चालत नाही. जिभेखालची गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानंच घ्यायची, शेजाऱ्याची उसनी नाही. जोरजोरात खोकून झटका थांबतो, असा निरोप मोबाइलवर फिरतो, त्यावर विसंबायचं नाही. पहिला कार्डिओग्राम चांगला आला आणि त्रास चालूच असला, तर पुन्हा काढा आणि रक्त तपासा, असं म्हणायचं. आणि जिना चढताना येऊन बसल्यावर जाणारं दुखणं असेल, मग ते दाढेत का असेना, त्याच आठवड्यात दाखवायचं. आधीपेक्षा वारंवार यायला लागलं किंवा बसल्या जागी आलं, तर त्याच दिवशी.

कुठे जायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता ते सुचत नाही. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्याही आधीपासून आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जवळचं कोणतं रुग्णालय आहे आणि त्यासाठी काय कागद लागतात, हे एका दुपारी विचारून घ्या आणि रेशनकार्डाची प्रत त्याच फडताळात ठेवा.

का सांगते एवढं? गुठळी विरघळवण्याचं औषध असो की अँजिओप्लास्टी असो, पहिल्या तासा-दोन तासांत जेवढा फायदा तेवढा नंतर नाही. आणि ते तास आपण बायका कशात घालवतो? पोळ्या संपवण्यात, पाहुण्यांना वाढण्यात, मुलांचे डबे भरण्यात आणि दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून भिंतीला टेकून बसण्यात.

मागच्या दिवाळीला धुळ्याला गेले होते. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून वहिनीला करंजीचं सारण कसं ते सांगत होती. मध्येच थांबली, छातीवर हात ठेवला. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"काही नही वं माय," आई म्हणाली, "पित्त शे."

"असू दे पित्त," मी म्हणाले. "चप्पल घाल. कार्डिओग्राम काढून येऊ, मग करंज्या."

पित्तच होतं. करंज्यांना रात्रीचे दहा वाजले. कुणी काही बोललं नाही.